अंगठ्यावरचं जांभूळ

मुरगूड,
९ डिसेंबर २०२५

चि. सईस,
तात्याचे अनेक आशीर्वाद.

ज्या गुरुवारी सकाळी तू दप्तराऐवजी कपड्यांची पिशवी खांद्याला लावून निघून गेलीस, त्या सकाळी मी देवपूजा आटोपून उंबऱ्याजवळ बसलो होतो आणि फोनवर तुझाच व्हिडिओ बघत होतो. तू माझ्या पाठीमागून गेलीस. चपलांचा आवाज मी ऐकला. पण फोनमध्ये बासरी सुरू झाली होती आणि माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी मान वळवली नाही. वाटलं, तुझी आई वैरणीला निघाली असेल. दूध संस्थेत जाऊन फॅटचं मशीन सुरू केलं, तेवढ्यात तुझी आई वर्षाराणी धापा टाकत आली. म्हणाली, “दादा, सई इचलकरंजीच्या गाडीत बसली म्हणं.”

ती सकाळ मला सुटत नाही. पोरगी पाठीमागून घर सोडून चालली होती आणि मी तिला फोनमध्ये बघून रडत होतो.

कबनूरला मामांकडे सुखरूप पोचलीस हे कळलं. फोन बंद करून मामींच्या कपाटात ठेवलायस आणि कुणाशी बोलत नाहीस, हेही कळलं. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर मास्तर म्हणाले, “कुणाला नोटीस धाडालाय काय तात्या?”

तुला राग कशाचा आला, तेच मला उमगत नाही. त्या शनिवारी शाळेत मला काय दिसलं ते लिहितो. मातापिता पूजनाला मंडप भरून माणूस होता. आईबाप खुर्च्यांवर ओळीनं बसलेले, प्रत्येकाच्या पुढ्यात परात आणि तांब्या, आणि पायाशी आपापलं पोर. तुझा बाप अमरसिंह आता नाही म्हणून त्याच्या खुर्चीवर मी बसलो. नोटिशीतच होतं, वडील नसतील तर चुलत्यानं बसावं. कोल्हापूरहून बोलावलेले वक्ते राजवर्धन सर म्हणाले, डोळे मिटा. तुम्ही शाळेतून घरी गेलाय, दारात गर्दी जमलीय, मधे कुणाला तरी झोपवलंय. मंडपभर हुंदके सुरू झाले. मग कुणीतरी सरांच्या कानात तुझ्या पप्पांचं सांगितलं. ते माईक घेऊन तुझ्यापाशी आले आणि म्हणाले, “बाळ, एकदा बाबा म्हणून हाक मार.” तू हाक मारली नाहीस. माझ्या पायांवर वाकलीस, दोन्ही हातांनी तोंड झाकलंस, आणि तुझे खांदे हलायला लागले.

सई, अमरसिंह कोरोनाच्या साथीत गेला तेव्हा तू रडली नव्हतीस. खरं सांगायचं तर मीही नव्हतो. धाकट्या भावाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, कागदांवर सह्या करण्यातच ते दिवस गेले. चार वर्षं छातीत धोंडा होता. तुझे खांदे हलले आणि तो धोंडा जागचा सरकला.

सरांनी टाकलेला तो व्हिडिओ सहा लाख लोकांनी बघितलाय. बनाबाई रोज सकाळी किटली ठेवायच्या आधी म्हणते, “लाव रं पोरीचं.” बघते, पदरानं डोळे पुसते, आणि मग फॅट कमी लागली म्हणून माझ्याशी भांडते. लोकांना रडायला मिळालं म्हणून बरंच वाटतंय. यात वाईट काय आहे?

सरांचा फोन आला होता. चोवीस जानेवारीला राधानगरीकडं एका शाळेत त्यांचा कार्यक्रम आहे. तू यावंस अशी त्यांची इच्छा आहे. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. ते राहू दे, पण परत ये. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा आहे.

तुझा
तात्या


कबनूर,
१३ डिसेंबर

ती. तात्यांना,
सा. न.

तुमचं पत्र मामाच्या यंत्रमागावर आलं. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून इथं बरं वाटतं. कुणी आपल्याविषयी काही बोललं तरी फक्त तोंड हलताना दिसतं.

यात वाईट काय आहे असं तुम्ही विचारलंय. कार्यक्रमाच्या दुसऱ्या आठवड्यात स्टँडवर एका बाईनं मला ओळखलं आणि कवळ घालून मिठीच मारली. मी तिला ओळखत नव्हते. तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा वास येत होता आणि ती माझ्या खांद्यावर रडत होती. मी तिच्या पाठीवर थोपटत उभी राहिले. माझी गाडी सुटली.

शाळेत मधल्या सुट्टीत एक मुलगी घसरून खिचडीच्या पातेल्यात बसली. सगळे हसले. मी पण हसले. तर माझ्या बाकावरची म्हणाली, “सई, तू हसालीस?” आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, जसं काय मी चोरी केली. तेव्हापासून मी शाळेत हसले नाही. तात्या, हे फार अवघड असतं. प्रार्थनेला उभं राहिलं की मागची पोरं हळूच बासरी वाजवल्यासारखा आवाज काढतात. मराठीच्या बाई म्हणाल्या, वडिलांवर निबंध लिही, तुझा मनापासून येईल. मी पावसाळ्यावर लिहिला.

म्हणून मी आले. पप्पांच्या आठवणीनं नाही.

एक विचारायचं आहे. सर स्टेजवर म्हणाले होते, पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय आम्ही कुणाचाही व्हिडिओ टाकत नाही. मी आईला विचारलं. तिनं कुठंही सही केलेली नाही. मग कुणी केली?

व्हिडिओ काढून टाकायला सांगा. मी राधानगरीला येणार नाही.

तुमची
सई


मुरगूड,
१७ डिसेंबर

चि. सईस,
आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. मी सरांशी बोललो. बघतो म्हणाले. मोठा माणूस आहे, रोज नव्या गावाला असतात, थोडा वेळ लागेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. स्टँडवरच्या त्या बाईचं कुणीतरी गेलं असेल. तुझ्या निमित्तानं ती मोकळी झाली असेल तर ते पुण्यच आहे.

पोरांना मी शाळेत जाऊन दम देतो. पूर्वपरीक्षा पाच जानेवारीला सुरू होतेय. गणिताची वही वर्षाराणीनं तुझ्या टेबलावर तशीच ठेवलीय. काळ्या रेडकाच्या पोटात बिघडलं होतं, आता बरं आहे.

तात्या


कबनूर,
२२ डिसेंबर

ती. तात्यांना,
सा. न.

काल मामाच्या मागावरच्या कामगारानं मला त्याचा फोन दाखवला. म्हणाला, “ताई, तुमचंच गाव हाय न्हवं?” सरांनी नवा व्हिडिओ टाकलाय. आधी मी, वाकलेली. मग तुम्ही. दूध संस्थेच्या दारात उभं राहून बोलताय. “त्या दिवशी माझी पुतणी रडली आणि चार वर्षांनी आमच्या घरातलं सुतक फिटलं,” असं म्हणताय. तुमच्या मागं भिंतीवर नवं कॅलेंडर दिसत होतं, ते तुम्ही पंधरा तारखेला आणलंत. मला आईनं मामीच्या फोनवर सांगितलं होतं. म्हणजे माझं पत्र मिळाल्यावर तुम्ही हे बोललात. सरांशी बोललात ते हेच का?

आणि परवानगीच्या सहीचं तुम्ही काही लिहिलंच नाही. त्याऐवजी रेडकाचं लिहिलंत.

म्हणून आता मी पण खरं लिहिते. मी रडत नव्हते, तात्या. मी हसत होते.

सर म्हणाले, डोळे मिटा, दारात गर्दी आहे. मी डोळे मिटले. पण पप्पा गेले तेव्हा आमच्या दारात गर्दी नव्हतीच. कुणीच आलं नव्हतं. रस्त्याला काठ्या लावल्या होत्या, आई आत आणि मी ओसरीवर. बनाबाई लांबून पिठलं-भाकरी ठेवून गेली होती. म्हणून मला सर सांगतील ते काही दिसेना. मी डोळे उघडले. सर म्हणाले, बाबा म्हणून हाक मार. मी पप्पांना बाबा कधी म्हटलंच नव्हतं. मला वाटलं, भलत्याच कुणालातरी बोलवायला सांगतायत.

मग मी खाली बघितलं तर परातीत तुमचा पाय. आणि तो अंगठा. म्हशीनं पाय दिल्यापासून कायमचाच काळानिळा फुगलेला. तुम्हाला आठवतंय का? पप्पा रोज संध्याकाळी कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी तुमच्या पायाशी वाकून बघायचे. “दादाच्या पायाला जांभूळ लागलंय. अजून पाडाला आलं न्हाय. पिकलं की पहिलं मला द्यायचं, कुणी हात लावायचा न्हाय.” तुम्ही चिडून पाय उपरण्याखाली झाकायचात. आणि त्या दिवशी ते जांभूळ परातीत, हळदीकुंकू लावून, वर झेंडूचं फूल. मला वाटलं पप्पा आता वाकून बघणार आणि म्हणणार, “दादा, निवद दावालाय काय जांभळाला?”

मला हसू आवरेना. सगळा मंडप रडत होता, म्हणून मी तोंड झाकलं. बाकी सगळं तुम्हाला माहीत आहे.

पप्पा गेल्यापासून ते मला इतके जवळ कधीच आले नव्हते. आणि आता ते आठवायला लागलं की बासरी वाजते. ती गंमत माझी होती. सहा लाख लोकांकडं ती आहे, पण रडणं म्हणून आहे. मी त्यांना फसवलंय असं वाटतं, आणि त्यांनी मला लुटलंय असंही वाटतं. रात्रंदिवस डोक्यात हेच फिरतं. मी दगड आहे का हो तात्या? मी अजून रडलेली नाही.

हे कुणाला सांगू नका. सांगायचंच झालं तर फक्त आईला.

सई


मुरगूड,
११ जानेवारी २०२६

चि. सईस,
आशीर्वाद.

वीस दिवस मी तुला लिहिलं नाही. तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला संताप आला. माझ्या पायावर डोकं टेकवून पोरगी हसत होती आणि मी त्याच क्षणाला अमरसिंहच्या नावानं ऊर बडवत होतो. अख्ख्या गावात माझं हसं झाल्यासारखं वाटलं, गावाला यातलं काहीच माहीत नसताना. पत्र देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं आणि खण लावून टाकला.

पण खण लावून पत्र गप्प बसत नाही. हरिपाठाला बसलो की ओळी चुकायच्या. तू पूर्वपरीक्षेला आली नाहीस, तुझ्या रिकाम्या बाकाबद्दल तुझ्या वर्गशिक्षकांनी मला रस्त्यात विचारलं, आणि मी तब्येतीचं कारण सांगितलं. खोटं बोलायची सवय किती लवकर लागते बघ.

आता तू विचारलेलं सांगतो. सही माझी. कार्यक्रम संपल्यावर, डोळे पुसत असतानाच, सरांच्या माणसानं कागद पुढं केला आणि मी न वाचता पालक म्हणून सही केली. शाळा समितीत सरांना बोलवा म्हणून आग्रह धरणाराही मीच. त्यांचे व्हिडिओ मी वर्षभर बघत होतो. सतरा तारखेच्या पत्रात सरांशी बोललो लिहिलं, तेही खोटं होतं. बोललो ते फक्त त्यांच्या माणसाच्या कॅमेऱ्यासमोर.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी तुझा व्हिडिओ रोज बघायचो, पूजेनंतर. डोळे भरले की वाटायचं आजची पूजा रुजू झाली. डोळे नाही भरले तर पुन्हा पहिल्यापासून लावायचो. भजनातही माणसाचे डोळे भरतात, पण तिथं आपल्यापुढं कुणी माईक धरत नाही, आणि नाही भरले तर देव काही विचारत नाही. मला रडायची चटक लागली होती. अमरसिंहची मोटारसायकल मात्र चार वर्षं गोठ्यात पोत्याखाली पडून आहे. तिच्यावरचं पोतं उचलावं असं एकदाही वाटलं नाही.

दोन तारखेला मी कोल्हापूरला सरांच्या ऑफिसात गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की काढून टाका म्हणून सांगायचं. सर वाईट माणूस नाहीत, सई. उठून माझ्या पाया पडले, चहा मागवला. मी चाचरत विषय काढला. तर त्यांनी मला एक निरोप ऐकवला. कुठल्यातरी गावचा एक माणूस रडत सांगत होता की तुझा व्हिडिओ बघून त्यानं बारा वर्षांनी बापाला फोन केला. सर म्हणाले, “तात्या, तुम्ही सांगा. काढू?”  तू हसत होतीस हे सांगायला तोंड उघडलं, आणि चहाचा घोट घेऊन मिटलं. उलट चोवीस तारखेला राधानगरीकडं पाहुणा म्हणून यायचं कबूल करून आलो. गाडीत येताना त्या माणसाचाच विचार करत होतो. ज्या रडण्यामुळं त्यानं फोन केला ते रडणंच नव्हतं, मग तो फोन खोटा म्हणायचा का? मला नाही वाटत. पण तो फोन खरा म्हणून तुझं हसणं दाबून ठेवायचं, हेही पटत नाही. दोन्ही गोष्टी घेऊन मी फिरतोय आणि कुठं टेकायला जागा नाही.

परवा तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती. जांभळापाशी आलो तेव्हा तिचा हात थांबला. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले, अगदी तुझ्यासारखे. हसते की रडते मला कळेना. या वेळी मी ठरवून टाकलं नाही.  शेवटी ती म्हणाली, “निवद म्हणं,” आणि पुन्हा पदरात तोंड घातलं.

तू दगड नाहीस. तसं काही मनात आणू नकोस.

तात्या


कबनूर,
१५ जानेवारी

ती. तात्यांना,
सा. न.

काल संक्रांत झाली. मामीनं विचारलं, पत्र वाचून कसली हसतेस. मी आईचं सांगितलं नाही. ते माझ्याकडंच ठेवलंय.

तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मी पण स्पष्ट लिहिते. राधानगरीला जा. कबूल केलंय तर जा. पण सर तिथं पण कुणालातरी शोधून काढतील, जिची आई नाही नाहीतर बाप नाही. ते माईक घेऊन तिच्याकडं निघाले की तुम्ही सरांकडं बघू नका, तिच्याकडं बघा. एवढंच.

आणि दुसरं. मला परत यायचं आहे. परीक्षा इथून देता येत नाही. पण मला रडकी पोरगी म्हणून त्या गावात यायचं नाही. तुम्ही दूध संस्थेत सांगा की मी रडत नव्हते. मागं म्हटलं होतं कुणाला सांगू नका, ते आता मागं घेते. जांभळाचं पण सांगा. लोक मला निर्लज्ज म्हणतील हे मला माहीत आहे. म्हणू देत. निर्लज्ज म्हटलं तर निदान मधल्या सुट्टीत हसता येईल.

तुम्हाला जमेल का? तुम्हाला लोक मान देतात आता. तो जाईल.

सई


मुरगूड,
२५ जानेवारी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल मी गेलो होतो. शाळा डोंगराच्या कडेला, हवेत गारठा, मंडप आपल्यासारखाच, पराती त्याच. शाल-श्रीफळ झालं. सर म्हणाले, हे तात्या म्हणजे त्या मुलीचे चुलते, आणि माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. मला ते आवडलं, सई. काय लपवू. शालीची ऊब सुद्धा आवडली.

मग त्यांनी पडद्यावर तुझा व्हिडिओ लावला. फोनवर शंभरदा बघितलेला, पण पडदा एवढा मोठा की तुझं बोटसुद्धा माझ्या हाताएवढं. मी खांद्यांकडं बघायचं सोडून तुझ्या हातांकडं बघितलं. बोटांच्या फटीतून तुझा डोळा दिसत होता. तो माझ्या अंगठ्याकडं बघत होता. झेंडूच्या फुलासकट. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. आजूबाजूला सगळे नाक ओढत होते आणि मला अमरसिंहचा आवाज ऐकू आला. मी ओठ दाबून धरले, उपरणं तोंडाला लावलं. शेजारी बसलेल्या माणसानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, “रडून घ्या पावणं.” तुझं त्या दिवशी काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं.

तू म्हणालीस तसंच झालं. सहावीतली एक मुलगी होती, अवंतिका नावाची. तिची आई गेल्या वर्षी गेलेली. खुर्चीवर आत्या. सर माईक घेऊन तिच्याकडं निघाले, बासरी सुरू झाली. मी सरांकडं बघितलं नाही. पोरगी आत्याकडं बघत होती, मग मंडपाकडं, मग माईककडं. वर्गात न शिकवलेलं विचारल्यावर पोरं बघतात, तसं. आपल्याकडून काहीतरी हवंय आणि ते आपल्यापाशी आहे की नाही, हे ती चाचपडत होती.

मी उठलो. चपला खुर्चीखालीच राहिल्या. सर म्हणाले, “तात्या, काय झालं?” मी म्हणालो, “पोरीला पाणी पाजून आणतो.” आणि तिचा हात धरून तिला मंडपाबाहेर आणलं. कुणी अडवलं नाही. कुणाला काही कळलंच नाही बहुतेक. बासरी मात्र चालूच होती, तिला थांबवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आत्या मागोमाग पळत आली.

शाळेमागं नळ होता. पोरीनं ओंजळीनं पाणी प्यायला तोंड खाली घातलं आणि तशीच थांबली. म्हणाली, “आजोबा, तुमच्या पायाला काय झालंय?”

मी म्हणालो, “जांभूळ लागलंय.”

तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं. “खोटं.”

“बघ की वाकून. अजून पाडाला आलं न्हाय.”

तिच्या नाकातून पाणी आलं, इतकी हसली. आत्यापण हसली आणि मग पटकन इकडं तिकडं बघून गप्प झाली. सई, तुझी गंमत मी तुला न विचारता दिली. पण एकाच पोरीला दिली, नळापाशी.

कार्यक्रम संपल्यावर सर आले. रागावले नव्हते, थकले होते. म्हणाले, “तात्या, तुम्ही माझा कार्यक्रम मोडलात.” मी व्हय म्हणालो. सही मागं घेतो असं लिहिलेला कागद घरूनच नेला होता, दोन तारखेपासून खिशात होता, तो दिला. तू हसत होतीस, हेही सांगितलं. त्यांनी कागद वाचला. “काढतो,” म्हणाले. संध्याकाळी खरंच काढला होता. पण इतक्या लोकांनी तो आपापल्या फोनात घेऊन ठेवलाय, तो काही परत येत नाही. तुला खोटी आशा लावत नाही. शाल मी तिथंच खुर्चीवर ठेवून आलो.

रात्रभर कूस बदलत राहिलो. राधानगरीला मला कुणी ओळखत नव्हतं. आपल्या माणसांपुढं सांगायचं अजून राहिलं होतं.

आज सकाळी पूजा केली. डोळे भरले नाहीत. देवाला नमस्कार करून उठलो. दूध संस्थेत रोजची रांग होती. बनाबाई किटली घेऊन पुढं आली आणि म्हणाली, “लाव रं पोरीचं.”

मी फोन खिशातून काढला नाही. म्हणालो, “बनाबाई, त्यात सई रडालती न्हाय. हसालती.”

  मागून कुणीतरी म्हणालं, “बापाच्या नावानं हाक मारा म्हटल्यावर पोरगी हसालती व्हय?” आवाजात तू लिहिलेलं ‘निर्लज्ज’च होतं. मी चप्पल काढली आणि पाय पुढं केला. अमरसिंह रोज संध्याकाळी काय करायचा ते सांगितलं. वाकून दाखवलं. निवदाचं पण सांगितलं. 

बनाबाई किटली खाली ठेवून कमरेत वाकली, माझ्या अंगठ्याकडं नीट बघितलं, आणि म्हणाली, “मेलं अजून पिकलं न्हाय की रं.” मग सरळ होत म्हणाली, “आनी मी दोन म्हैनं कशाला रडले मग?” कुणीतरी फिसकन हसलं. बनाबाईनं त्याला एक शिवी हासडली आणि स्वतःच सांगायला लागली, अमरसिंहनं एकदा तिच्या रिकाम्या किटलीत बेडूक घातला होता आणि ती घरापर्यंत बेडकाशी बोलत गेली होती. मग दुसरा एकजण म्हणाला, लग्नात माझा जोडा पळवून त्यानं मलाच विकला. मग तिसरा. एक-दोघं मान फिरवून दूध न घालताच निघून गेले, तेही तुला सांगायला हवं. पण बाकीची रांग हलेना. दुधाच्या टेम्पोवाल्यानं बाहेर हॉर्नवर हात ठेवला होता, आणि आत चार वर्षांत पहिल्यांदाच अमरसिंहबद्दल कुणी हळू आवाजात बोलत नव्हतं.

दुपारी मी गोठ्यात जाऊन मोटारसायकलवरचं पोतं काढलं. मेकॅनिकला उद्या बोलावलंय. तू येशील त्या गाडीला मी स्टँडवर असेन, मोटारसायकल चालू झाली तर तीच घेऊन.

सांगून टाकलं, सई. रांगेतल्या प्रत्येकाला, तोंडानं.

तुझा
तात्या